निकालाचा आणि ठेवीचा संबंध

सलूनमधला टीव्ही चालू होता. पहिल्या फेरीत तात्या मागे, अशी पट्टी पडद्याच्या खालून सरकून गेली आणि माझ्या मानेभोवतीचं फडकं मी स्वतःच ओढून काढलं. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर नुसता फेस होता. न्हावी वस्तरा हातात धरून बघत राहिला. मी रुमालाने फेस पुसत रस्ता ओलांडला आणि तडक संस्थेत गेलो.

तात्या म्हणजे आमच्या देवखडीच्या पतसंस्थेचे चेअरमन. त्या वर्षी ते आमदारकीला उभे होते आणि त्यांच्या संस्थेत माझी सगळी कमाई ठेव म्हणून पडून होती. एसटीत कंडक्टर म्हणून माझं आयुष्य उभ्याने गेलं. निवृत्त झाल्यावर फंड आणि ग्रॅच्युइटी हातात आली, ती जशीच्या तशी मी तिथं नेऊन ठेवली. कारण संस्थेचा मॅनेजर रंगनाथ हा माझ्या बायकोचा, शालनचा, धाकटा भाऊ. त्याने आम्हाला इतरांपेक्षा अर्धा टक्का व्याज जास्त लावून दिलं होतं. पावतीची मुदत संपली की त्या पैशांतून माळावरच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधायच्या होत्या. डेपो बदलला की आमचं घर बदलायचं, आणि घरमालकाला विचारल्याशिवाय शालनने कधी एका भिंतीत खिळा ठोकला नव्हता.

मी स्वभावाने संशयी. शालन म्हणायची, ह्यांच्या हातावर तीर्थ घातलं तरी आधी वास घेतील. पण त्या वेळी संशय माझ्या एकट्याला नव्हता, अख्ख्या गावाला होता. तात्यांनी निवडणुकीत पैसा पाण्यासारखा ओतला होता. तो कुठून आला, हे कोणी मोठ्याने विचारत नव्हतं. पारावर, पिठाच्या गिरणीत, दूध घालायच्या रांगेत एकच बोलणं चालायचं. तात्या पडले की विरोधक चौकशी लावणार, संस्थेवर प्रशासक बसणार आणि ठेवी अडकणार. म्हणजे काढायचे तर आधीच काढलेले बरे. पण आधी काढले आणि तात्या निवडून आले, तर कोणी कोणी काढले ते तात्यांना कळल्याशिवाय राहणार नव्हतं. गावात राहायचं होतं, म्हणून सगळे जागच्या जागी चुळबुळत होते.

प्रचार चालू असताना मी रंगनाथला दोनदा आडून विचारलं होतं. दोन्ही वेळा त्याने हसून एकच सांगितलं, की निकालाचा आणि ठेवीचा काही संबंध नाही. संस्था ठेवीदारांची, तात्या नुसते खुर्चीवर. शालनला हे वाक्य इतकं पटलं, की ती शेजारणींनाही तेच सांगू लागली.

संस्थेचं शटर अर्धं वर होतं. मी वाकून आत शिरलो. रंगनाथ केबिनमध्ये बसला होता. त्याच्या डोक्यावर भिंतीवर तात्यांचा हार घातलेला फोटो. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातलेला मला कधीच आवडला नाही, पण ते माझं मत. त्याने माझ्या गालाकडे बघून काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, ते राहू दे, आज पावती मोडायची म्हटली तर मोडता येईल का?

तो म्हणाला, आज रोकड कमी आहे. निकालाच्या दिवशी जास्त रोकड हलवू नका, असं पोलिसांनीच बजावलंय. खोटं असलं तरी चांगलं जुळवलेलं होतं, आणि खरं असायलाही हरकत नव्हती. मग मी तिथंच त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसून राहिलो. तोही जा म्हणाला नाही.

दिवसभर मी त्याच्याकडे बघत होतो. पोऱ्याने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली तरी त्याने कप उचलला नाही. बडीशेपेची डबी मात्र सारखी उघडत होता. फोन वाजला की पहिल्या घंटेला उचलायचा आणि नुसतं हूं, हूं करायचा. कोणाचा म्हणून विचारलं, तर घरून म्हणायचा. घरच्या फोनवर माणूस इतका ताठ बसून बोलत नाही.

दुपारपर्यंत तात्या मागेच होते. मग एकेक माणूस शटरखालून वाकून आत येऊ लागला. शाळेतले गुरुजी आले, भाजीवाली आली, तालमीतले वस्ताद आले. कोणी पैशांचं नाव काढत नव्हतं. सहज आलो होतो, सावलीला टेकलो, असं म्हणायचे आणि जाता जाता विचारायचे, "मॅनेजर, काही काळजी न्हाई न्हवं?" रंगनाथ प्रत्येकाला तेच वाक्य त्याच चालीत ऐकवायचा. निकालाचा आणि ठेवीचा काही संबंध नाही. मी गाडीत 'पुढं सरका, पुढं जागा आहे' म्हणायचो तसंच ते होतं. पुढं जागा नसायची, हे मला पक्कं माहीत असायचं.

तिसऱ्या प्रहरी डोंगराकडच्या गावांची मतं मोजायला घेतली आणि चित्र पालटलं. तात्या बरोबरीला आले, मग थोडे पुढे गेले, मग चांगलेच पुढे गेले. बाहेर मोटारसायकली जमायला लागल्या. शेवटी तात्या आले म्हणून कोणीतरी रस्त्यावरून ओरडत गेला आणि संस्थेसमोरच फटाक्यांची माळ लागली. कॅशियर, शिपाई, वसुलीवाले सगळे काउंटर टाकून बाहेर पळाले. दुपारपासून सावलीला टेकलेली माणसंही पळाली.

रंगनाथ उठला. मला वाटलं, तोही जाणार. त्याने केबिनचं दार लावून घेतलं आणि परत खुर्चीत येऊन बसला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. तळहातांनी डोळे चोळले.

"सुटलो," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"काय न्हाई, दाजी. चला, तात्यास्नी हार घालाय जाऊ."

चष्मा घालून तो बाहेर पडला. मिरवणुकीत माझ्याही अंगावर गुलाल पडला. उघड्या जीपमध्ये तात्या हात जोडून उभे होते आणि रंगनाथ जीपच्या कडेने चालत होता. दुपारी सावलीला टेकलेले गुरुजी नाचणाऱ्या पोरांना जागा करून देत होते. मी कडेला उभा होतो. माझ्या डोक्यात तो एकच शब्द होता.

हा शब्द मी आयुष्यभर ऐकला होता. आमच्या गाडीत कधी कधी वाटेत तपासणीचं पथक चढायचं. सगळ्या गाडीत शांतता व्हायची. मग एखाद्या दिवशी साहेबांना घाई असायची, दोन-चार तिकिटं बघून ते पुढच्या थांब्याला उतरून जायचे. गाडी हलली की मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणायचं, सुटलो. तिकीट काढलेला माणूस असं कधी म्हणत नाही. त्याला सुटण्यासारखं काही नसतंच.

निकालाचा आणि ठेवीचा संबंध नव्हता, तर तात्या निवडून आल्यावर मॅनेजर कशातून सुटला? मी घरापर्यंत हाच विचार करत चाललो. गाव म्हणत होतं, तात्या आले म्हणजे संस्था वाचली. पण तात्या आल्याने तिजोरीत एक रुपया आला नव्हता. तपासणारे तेवढे खाली उतरले होते, आणि आता पाच वर्षं गाडीत चढणार नव्हते.

घरी शालनने शिरा केला होता. इतक्या दिवसांचा घोर मिटला म्हणून ती हसतमुखाने वाढत होती. माझ्या एका गालावर दाढी आणि त्यात गुलाल, म्हणून तिने माझी टिंगल केली. मी दोन घास खाल्ले आणि सांगून टाकलं, की उद्या सकाळी मी पावती मोडणार. तिला आधी चेष्टाच वाटली. मग तिने ताट बाजूला सारलं.

"काल तात्या पडतील म्हणून समदी भ्यालीती, तवा तुम्ही मोडली न्हाई," ती म्हणाली. "आज ते निवडून आलं, तर मोडताय? असं का?"

मी तिला त्या शब्दाचं सांगितलं. मागच्या बाकाचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"म्हंजी एका शब्दासाठी माझ्या भावाला चोर ठरवताय."

मी म्हटलं, चोर म्हणत नाही, नुसते आपले पैसे परत घेतोय. ती म्हणाली, मॅनेजरच्या दाजीनेच दुसऱ्या दिवशी पावती मोडली म्हटल्यावर गावात त्याचं तोंड उरेल का? आई त्याच्याजवळ राहते, तिला काय वाटेल? माहेरची एक वाट आहे, तीही तुम्ही बंद करणार. हे सगळं ती रडत म्हणाली असती, तर मला जड गेलं नसतं. ती शांतपणे म्हणाली, आणि मग भांडी घासायला उठून गेली. पावती दोघांच्या नावावर होती, पण कोणा एकाच्याही सहीने मोडता येत होती. एवढं कलम बरं ठेवलं होतं, असं माझ्या मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा गालही करून घेतला आणि संस्थेत गेलो. आज शटर पूर्ण वर होतं. दाराला झेंडूच्या माळा, फरशीवर गुलालाच्या पायखुणा, आणि काउंटरसमोर ही गर्दी. सगळे पैसे भरायला आलेले. ज्यांनी निवडणुकीच्या धास्तीने हातातला पैसा घरातच दाबून ठेवला होता, तेच तो घेऊन आले होते. आमदाराची संस्था झाली होती ना. रांगेत आप्पा तोडकर उभे होते. आप्पा आमच्या आळीतले म्हातारे गवळी. गोठा मोडून त्यांनी म्हशी विकल्या होत्या आणि ते पैसे उपरण्यात बांधून आणले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, आप्पा, घाई काय आहे, चार दिवस थांबा की. आप्पा दिलखुलास हसले. तुमचा मेव्हणा मॅनेजर, तुम्हाला रांगेत उभं राहायला लागत नाही म्हणून थांबा म्हणताय होय, असं म्हणून त्यांनी मला पुढे ढकललं.

केबिनमध्ये रंगनाथने मला बघताच पेढ्याचा खोका पुढे केला. मी पेढा घेतला नाही. पावती टेबलावर ठेवली.

त्याने पावतीकडे बघितलं, मग काचेतून बाहेरच्या गर्दीकडे.

"व्याज जाईल, दाजी. मुदतीआधी मोडली की दंड कापावा लागतो."

"कापून घे."

"आक्काला विचारलंय?"

"तिला सांगितलंय."

माझी अपेक्षा होती, की तो आता गळ घालेल, हातापाया पडेल, चार दिवसांनी या म्हणेल. रोकड कमी आहे असं तर आज म्हणता येतच नव्हतं, बाहेर पैशांची रांग लागली होती. त्याने यातलं काहीच केलं नाही. पावतीमागे माझी सही घेतली, स्वतःची केली, आणि शिपायाच्या हाती न देता स्वतः उठून कॅशियरकडे गेला. त्याने मला फारसं अडवलं नाही, याचाही मला संशय आला. तो परत येईपर्यंत मी खुर्चीच्या कडेवर बसून होतो.

पैसे त्याने जुन्या वर्तमानपत्रात बांधून आणले. मी सरळच विचारलं, "काल कशातून सुटलास रे?"

"दिवसभर बसून पाठ धरली होती," तो म्हणाला. "मागच्या दारानं जावा. आन् कुणाला सांगू नका."

मागच्या दाराने गेलो. पण देवखडीसारख्या गावात मागचं दारही कोणाच्या तरी पुढच्या दारासमोर उघडतं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. कोणी म्हणालं, दाजी-मेव्हण्याचं बिनसलं. कोणी म्हणालं, कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरसुद्धा विश्वास नाही, सवयच ती. तात्यांच्या कानावर गेलं, तेव्हा ते म्हणे हसले आणि म्हणाले, त्याला जाऊ दे, त्याच्या जागी आज दहा आले.

आम्ही घर बांधलं. घर शालनच्या नावावर केलं, ती बोलत नव्हती म्हणून. दोन खोल्या, पुढे छोटी ओसरी, मागे मोरी. वास्तुशांतीला तिच्या माहेरून कोणी आलं नाही. भावाने आहेर पाठवला, तो तिने कपाटात ठेवून दिला. नव्या घरात खिळा ठोकायला मी हातोडी दिली, तर म्हणाली, तुम्हीच ठोका. त्यानंतर ती माझ्याशी बोलायला लागली, स्वयंपाकपाणी, पै-पाहुणे सगळं होतं तसं चालू राहिलं. फक्त भावाचा विषय निघाला की उठून आत जायची. रंगनाथ रस्त्यात भेटला तर मान हलवायचा. संस्था जोरात होती. दुसरी शाखा निघाली. माझं चुकलं की काय, असं मला एकट्याला बसल्यावर वाटायचं. घर तर होतं, पण ज्या शंकेवर ते उभं होतं ती खोटी ठरत चालली होती.

मग पुढच्या निवडणुकीला तात्यांना पक्षाने तिकीट नाकारलं. त्या पावसाळ्यात संस्थेचं शटर एका सकाळी उघडलंच नाही. तपासणारे आले. कर्जं दिली होती, पण कर्ज घेतलेली माणसं सापडेनात. काही माणसं गावात कधी जन्मलीच नव्हती. तात्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि ते पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखल झाले. कर्जांच्या कागदांवर सह्या मॅनेजरच्या होत्या. रंगनाथला पोलिसांनी घरातून उचललं.

संस्था बुडाली आणि माझं खरं ठरलं, पण मला त्याचा आनंद झाला नाही. शालन दिवसभर ओसरीवर बसून असायची. तिच्या आईची ठेवही तिथंच होती, आणि ती गेली होती. म्हातारीने आम्हाला निरोपही पाठवला नाही.

जामीन मंजूर झाला, तेव्हा वकिलाने आम्हाला तालुक्याच्या कोर्टात बोलावून घेतलं. कोणीतरी जामीनदार लागत होता, आणि तोही स्वतःचं घर-जमीन असलेला. रंगनाथच्या घरावर जप्ती आली होती. भाऊबंद तोंड फिरवून बसले होते. आमचं घर शालनच्या नावावर, म्हणजे जामीनदार तीच होऊ शकत होती. त्याने तारखा चुकवल्या, पळून गेला, तर घरावर गदा येणार, हे वकिलाने दोनदा समजावून सांगितलं. त्याची गरज नव्हती. मी वाटेतच सगळं मनाशी घोळवत आलो होतो.

कोर्टाच्या व्हरांड्यात रंगनाथ एका हवालदाराच्या शेजारी बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याला तसा बघून शालनने पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सही माझी लागंल. पर घर तुमच्या पैशाचं हाय. तुम्ही म्हणाल तसं."

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तोच म्हणाला,

"दाजी, त्या दिवशी केबिनचं दार मी का लावलं, सांगा."

"फटाके वाजत होते."

"फटाके रस्त्यावर होते. ते खिडकीतनं ऐकू येत होते. दार हॉलात उघडतंय."

त्याने खाली मान घालून, हवालदाराला ऐकू जाऊ नये इतक्या हळू सांगायला सुरुवात केली. पैसा कधीच संपला होता. तात्या पडले असते, तर दुसऱ्या दिवशी रांग लागली असती आणि पहिल्या चार माणसांनंतर तिजोरी रिकामी झाली असती. तात्या आले, आणि लोक भरायला येणार हे त्याला कळलं. तेवढा एकच दिवस असा होता, की मागणाऱ्याला पैसे मिळाले असते आणि कोणाला वावगं वाटलं नसतं.

"मग सरळ सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सरळ सांगितलं असतं तर तुम्ही आक्काला सांगितलं असतं, आक्कानं आईला. सांजच्याला गाव गोळा झालं असतं. मग तुमचंबी अडकलं असतं." त्याने हवालदाराकडे एकदा बघून घेतलं. "एका शब्दावर पावती मोडंल असा माणूस गावात एकच होता. त्याला तेवढा शब्द ऐकवला."

शालन मागे येऊन उभी राहिली होती. तिने विचारलं, "आन् आईचं?"

"आईच्या पावतीवर मॅनेजर म्हणून मी, आन् सही पण तिच्यावतीनं मीच करायचो," तो म्हणाला. "मॅनेजरच्या आईनंच काढलं म्हटल्यावर मागं काय ऱ्हायलं असतं? एकाचंच निघणार होतं, आक्का. तुझं निघालं."

शालन बाकाची कडा धरून खाली बसली.

आणि माझ्या मनात काय आलं, ते सांगतो. ज्या माणसाने बनावट कर्जदार उभे केले, त्याला एक बनावट आठवण उभी करायला कितीसा वेळ लागणार? कोठडीत बसून त्याने एवढं तर नक्की जुळवलं असेल. नेमकी आज, जामिनाच्या दिवशी, त्याला ही आठवण सांगावीशी वाटली. इतकी वर्षं रस्त्यात नुसती मान हलवत होता, तेव्हा का नाही सांगितलं? पण तेव्हा सांगितलं असतं, तर तेव्हाच संस्था बुडाली असती. दार लावलं होतं, हे खरं. मला अडवलं नाही, हेही खरं. कॅशियरकडे शिपायाला न पाठवता स्वतः गेला, तेही मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि शब्द नुसताच तोंडून निसटला असेल, आणि आता त्याने त्याचं सोनं केलं असेल, हेही तितकंच होऊ शकत होतं.

"खरं सांगतोयस?" मी विचारलं.

"तुमास्नी पटंल असं मी काय सांगू, दाजी?" तो म्हणाला आणि दोऱ्याने बांधलेली काडी कानामागे सरळ करत बसला.

खरं असेल तर त्याचे आमच्यावर उपकार होते, आणि खोटं असेल तरी तो शालनचा भाऊ होता, असा विचार मी केला, असं आता लोकांना सांगतो. तसा काही विचार केला नव्हता. त्याने स्वतःच्या आईचे पैसे तसेच राहू दिले, ही एकच गोष्ट माझ्या मनातून हलेना. मी शालनला म्हटलं, कर सही. तिने माझ्याकडे बघितलं. पावती मोडली तेव्हापासून तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मग तिने वकिलाच्या बोटाखाली, एकेक अक्षर जुळवत, सही केली.

आम्ही पायऱ्या उतरलो. बाहेर लिंबाखाली ठेवीदार बसले होते. प्रत्येक तारखेला ते यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. त्यांत गुरुजी होते, भाजीवाली होती. आप्पा तोडकर काठी टेकून उभे होते. ते आता मुलाच्या दारात दिवस काढत होते. जामीन कोण राहिलं, हे आमच्या आधी खाली पोचलं होतं. सगळे गप्प झाले. ही शांतता माझ्या ओळखीची होती, फक्त या वेळी तपासायला दुसरे होते आणि बाकावर मी होतो.

आप्पा पुढे आले. शिवीगाळ करतील म्हणून मी तयारीत होतो. ते अगदी सरळ, चौकशी करावी तसं बोलले.

"कंडक्टर, समदं गाव भरत हुतं, तवा तुम्ही काढून नेलं. आन् आज त्यालाच जामीन ऱ्हायला. एवढं सांगा, तुमास्नी आधी कसं कळलं वो?"

मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, आप्पा, निकालाच्या दिवशी तो केबिनमध्ये एक शब्द बोलला, त्यावरून कळलं.

आप्पांनी मान हलवली आणि मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "ऐकलं न्हवं? ह्यांचं आधीच बोलणं झालंतं."

शालन माझ्याकडे बघत होती, मी काय उत्तर देतो म्हणून. रंगनाथ खरं बोलत असेल, तर आप्पांचंही खरंच होतं.